उद्याची कळ कोणाच्या हाती?

पॅरिसला १९०० साली जागतिक प्रदर्शन भरलं, त्या सुमारास ज्याँ-मार्क कोते आणि आणखी काही फ्रेंच चित्रकारांनी रंगीत चित्रांची एक मालिका काढली. विषय होता सन २०००. त्या वेळी ती चित्रं फारशी कुणाच्या हाती पडली नाहीत. १९८६ मध्ये आयझॅक असिमॉव्हनं त्यांच्यावर भाष्य लिहून पुस्तक काढलं, तेव्हा कुठे ती जगाला ठाऊक झाली. पंख लावून आग विझवायला निघालेले बंबवाले त्यांत आहेत, देवमाशाला जुंपलेली प्रवासी गाडी आहे. एका चित्रात शाळा भरली आहे. मास्तर जाडजूड पुस्तकं एका यंत्राच्या तोंडात टाकताहेत आणि त्यातलं ज्ञान तारांवाटे बाकांवरच्या पोरांच्या कानांत उतरतंय. हे सगळं चालावं म्हणून एक पोरगा बाजूला उभा राहून यंत्राचा दांडा फिरवतोय. दुसऱ्या चित्रात विजेचं यंत्र दिवाणखान्याची फरशी घासतंय, आणि त्याची कळ धरून मोलकरीण उभी आहे, एकोणिसाव्या शतकातल्याच पोशाखात.

शंभर वर्षांनी फरशी घासायचं यंत्र येईल एवढं चित्रकाराला सुचलं. ते चालवणारी बाई तेव्हाही मोलकरीणच असेल का, ही शंका त्याच्या मनाला शिवली नाही.

पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये रुकय्या सखावत हुसेन या बंगाली लेखिकेची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. या कथेतल्या राज्यात कारभार बायकांचा आहे आणि पुरुष पडद्याआड आहेत. बायकांच्या एका विद्यापीठानं नळ्या लावलेला फुगा आभाळात सोडून ढगांतलं पाणी काढून घ्यायची युक्ती शोधली आहे, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवायची. स्वयंपाक उन्हावर होतो, शत्रूला पिटाळलं जातं तेही साठवलेल्या उन्हानंच, आणि कामाचे तास दिवसाला दोन. फ्रेंच चित्रकारांनी फक्त यंत्र बदललं होतं. रुकय्याबाईंनी यंत्राबरोबर त्याचा मालकही बदलून पाहिला.

भविष्याच्या कल्पनांचा हिशेब मांडायला बसलं की 'काय खरं ठरलं' याची यादी काढायची पद्धत आहे. व्हर्नची पाणबुडी, क्लार्कचा उपग्रह, 'स्टार ट्रेक'मधला खिशातला फोन. यादी करमणुकीची आहे, पण तिच्यातून फारसं काही हाती लागत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचं असेल, ते चालवणार कोण आणि वाचलेला वेळ-पैसा कोणाच्या पदरात पडणार, या प्रश्नांची उत्तरं गेल्या दीडशे वर्षांत कशी पालटत गेली हे पाहणं जास्त उपयोगाचं. हा आढावा त्याच अंगानं घेतला आहे.

वाफेच्या काळातला उद्या

ज्यूल व्हर्न म्हणजे प्रगतीचा भाट, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्मा तरी त्याच्या प्रकाशकानं घडवला. १८६३ मध्ये व्हर्ननं शंभर वर्षांनंतरच्या पॅरिसवर एक कादंबरी लिहिली. दाबलेल्या हवेवर धावणाऱ्या आगगाड्या, वायूवर चालणारी वाहनं, बँकेतली अवाढव्य गणकयंत्रं, हे सगळं तीत आहे. काव्यात बक्षीस मिळवलं म्हणून ज्याचं हसं होतं आणि जो शेवटी थंडीत उपाशी भटकतो, असा एक तरुणही आहे. प्रकाशक एट्झेलनं हस्तलिखित नाकारलं. असल्या भविष्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं त्याचं म्हणणं. व्हर्नच्या पणतूला ते १९८९ मध्ये जुन्या तिजोरीत सापडलं आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. मधली सव्वाशे वर्षं जगानं वाचला तो साहसांचा व्हर्न. यंत्रयुगात कवीचं काय होईल या काळजीत पडलेला व्हर्न तिजोरीतच राहिला.

अमेरिकेत १८८८ मध्ये एडवर्ड बेलामीची 'लुकिंग बॅकवर्ड' आली. बोस्टनमधला एक सुखवस्तू तरुण १८८७ साली झोपतो तो थेट २००० मध्ये जागा होतो. कारखाने आणि दुकानं राष्ट्राच्या मालकीची झाली आहेत, प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो, तो खर्च करायला पुठ्ठ्याचं कार्ड आहे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस कामातून मोकळा होतो. कादंबरी इतकी गाजली की तिच्यातल्या विचारांचा प्रसार करणारी मंडळं अमेरिकाभर निघाली. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसला हे लष्करी शिस्तीचं सुख मानवलं नाही. १८९० मध्ये त्यानं 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' लिहून कारागिरांचं, हातकामात रमलेलं भविष्य पुढे केलं. उद्याचा मालक राष्ट्र की कारागीर, असा हा वाद होता. उद्या चांगलाच असणार, याबद्दल मात्र दोघांचंही एकमत होतं.

एच. जी. वेल्सनं त्या खात्रीलाच सुरुंग लावला. 'द टाइम मशीन'मधला (१८९५) प्रवासी सन ८०२७०१ मध्ये पोचतो, तेव्हा माणसाच्या दोन जाती झाल्या आहेत. वरच्या उजेडात नाजूक, निरुद्योगी एलॉय आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे मॉरलॉक. रात्री मॉरलॉक वर येतात आणि एलॉयना खातात. मालक आणि मजूर यांच्यातली दरी लाखो वर्षं तशीच वाढू दिली तर काय होईल, याचं हे रोखठोक उत्तर होतं.

वेल्सच्याच १९१४ मधल्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत अणुबॉम्ब आहेत. हंगेरियन शास्त्रज्ञ लिओ झिलार्डनं ती १९३२ मध्ये वाचली. दुसऱ्या वर्षी त्याला साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली आणि तिचं पेटंट त्यानं १९३६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाली केलं, ते गुप्त राहावं म्हणून. वेल्सनं अणुबॉम्बचं भाकीत केलं हे सगळेच सांगतात. ती गोष्ट वाचलेल्या एका शास्त्रज्ञानं शोध लागताक्षणी तो कोणाच्या हाती पडेल याची धास्ती घेतली, ही घटना माझ्या मते त्या भाकितापेक्षा मोठी आहे.

इंजिनिअरांचे दिवस

एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकनं न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं हे इंग्रजीतलं पहिलं मासिक. गर्न्सबॅक मूळचा रेडिओचे सुटे भाग विकणारा, आणि त्याच्या मासिकाला तीच चव होती. अडचण आली की हुशार माणूस यंत्र बनवतो आणि अडचण सुटते.

या वृत्तीचा कळस १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दिसला. जनरल मोटर्सच्या दालनात नॉर्मन बेल गेडीजनं १९६० च्या अमेरिकेची प्रचंड प्रतिकृती उभी केली होती. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून वरून पाहायचे: अनेक पदरी रस्ते, एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून धावणाऱ्या मोटारी, उंच इमारतींची नीटनेटकी शहरं. बाहेर पडताना प्रत्येकाला एक बिल्ला मिळायचा, आपण भविष्य पाहून आलो असं सांगणारा. दाखवत होती एक मोटार कंपनी, रस्ते बांधायचे होते सरकारनं आणि पैसे द्यायचे होते करदात्यांनी. ही वाटणी बहुतेकांना गैर वाटली नाही, कारण चित्रात सगळ्यांना जागा दिसत होती. प्रत्यक्षात तिथेही सगळे नव्हतेच. असले महामार्ग पुढे आले तेव्हा अनेक शहरांत ते काळ्या लोकांच्या वस्त्यांवरून गेले.

त्याच सुमारास जॉन कॅम्पबेलनं 'अस्टाउंडिंग'चं संपादकपद घेतलं आणि असिमॉव्ह, हाइनलाइन यांच्यासारखे लेखक घडवले. विज्ञान पक्कं हवं हा त्याचा आग्रह किती टोकाचा होता, याचा एक किस्सा आहे. मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिलची 'डेडलाइन' ही अणुबॉम्बची कथा आली. अमेरिकेचा बॉम्ब तेव्हा कडेकोट गुप्ततेत बनत होता. गुप्तचर खात्याची माणसं चौकशीला कॅम्पबेलच्या दारात हजर झाली. माहिती सगळी छापील शास्त्रीय नियतकालिकांतली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. आणि आता एकदम असल्या कथा बंद केल्या तर उलट संशय येईल, हा कॅम्पबेलचा युक्तिवाद त्यांना पटला.

युरोपातल्या लेखकांना ही इंजिनिअरी उमेद परवडणारी नव्हती. पहिलं महायुद्ध त्यांच्या अंगणात झालं होतं. कारेल चापेकच्या 'आर. यू. आर.' नाटकात (प्रयोग १९२१, प्राग) कारखान्यात बनवलेले कामगार बंड करून माणसाला संपवतात. झाम्यातिनच्या 'वुई'मध्ये माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत. ऑल्डस हक्सलेच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये (१९३२) लोक गोळ्या घेऊन सुखी आहेत आणि ऑर्वेलच्या '१९८४'मध्ये (१९४९) भिंतीवरचा पडदा त्यांच्यावर नजर ठेवतो. या सगळ्यांत कळ सत्तेच्या हाती आहे. आपण मात्र तो पडदा स्वतः विकत घेतला आणि त्याचा हप्ताही भरतो, हे ऑर्वेलला सुचलं नव्हतं.

या काळातल्या भविष्यकथनाचा एक नमुना जरा बारकाईनं पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट १९६४ मध्ये असिमॉव्हनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून पन्नास वर्षांनंतरच्या, म्हणजे २०१४ मधल्या जगाची सैर घडवली. बोलणाऱ्याचा चेहरा दिसणारे फोन, त्याच पडद्यावर कागदपत्रं आणि पुस्तकांतले उतारे वाचायची सोय, स्वतःचं डोकं असलेल्या मोटारींचे प्रयत्न, मंगळावर फक्त मानवरहित यानं. इतकं अचूक की दचकायला होतं. यंत्रमानव फार नसतील आणि असतील ते फारसे चांगले नसतील, हेही त्यानं बजावलं. काही बाबतींत तो साफ चुकला. चंद्रावर वसाहती झाल्या नाहीत, घरं जमिनीखाली गेली नाहीत, अणुबॅटरीवर चालणारी बिनतारी उपकरणं स्वयंपाकघरात आली नाहीत. जगाची लोकसंख्या त्यानं साडेसहा अब्ज धरली होती, ती सात अब्जांच्या पुढे गेली.

यांपैकी कोणतीच चूक मोठी नाही. मोठी चूक लेखाच्या शेवटाकडे आहे. यंत्रं इतकी कामं करतील की माणसाला रिकामपणाचा आजार जडेल, मानसोपचाराला सोन्याचे दिवस येतील, असं त्यानं लिहिलं. २०१४ मध्ये असा रिकामपणा कुणाच्या वाट्याला आला होता? यंत्रानं वाचवलेला वेळ आपोआप कामगाराला मिळणार, हे असिमॉव्हनं न सांगताच गृहीत धरलं. अर्थतज्ज्ञ केन्सही १९३० मध्ये असंच गृहीत धरून नातवंडांसाठी आठवड्याला पंधरा तासांचं काम लिहून गेला होता. 'द जेट्सन्स' या १९६२ च्या कार्टूनमध्ये घरचा कर्ता ऑफिसात बटण दाबतो, बायको खरेदीला जाते आणि घरकामाला रोझी ही यंत्रमोलकरीण आहे. शंभर वर्षांनंतरचं, २०६२ सालचं हे कुटुंब. फ्रेंच चित्रातली बाई आता पत्र्याची झाली होती, एवढाच फरक.

चंद्रावरून परत

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला आणि डिसेंबर १९७२ मध्ये शेवटचा परतला. विज्ञानकथेनं ज्याचा ध्यास घेतला होता ते घडलं, आणि साडेतीन वर्षांत तो अध्याय आटोपलाही. त्याआधीच रेचल कार्सनचं 'सायलेंट स्प्रिंग' (१९६२) येऊन गेलं होतं, १९७२ मध्येच वाढीच्या मर्यादा सांगणारा क्लब ऑफ रोमचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी तेलाचा भडका उडाला. भविष्य हे गाठायचं ठिकाण राहिलं नाही. ते आता अंगावर येणारं होतं. १९७३ च्या 'सॉयलेंट ग्रीन' चित्रपटातलं २०२२ चं न्यूयॉर्क उकाड्यानं, गर्दीनं आणि उपासमारीनं गुदमरलं आहे.

याच काळात काही लेखकांनी अंतराळ सोडून माणसांत शोध घ्यायला सुरुवात केली. मायकेल मूरकॉकनं १९६४ मध्ये 'न्यू वर्ल्ड्स' मासिक हाती घेतलं आणि जे. जी. बॅलार्डसारखे लेखक मनाच्या आणि शहराच्या पडझडीवर लिहू लागले. अर्सुला ल ग्विननं 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये (१९६९) स्त्री-पुरुष असा कायमचा भेदच नसलेला समाज उभा केला, 'द डिस्पझेस्ड'मध्ये (१९७४) मालमत्ताच नसलेला. दोन्ही पुस्तकांत यंत्रांना दुय्यम जागा आहे. रुकय्याबाईंनी सोडलेला धागा सत्तर वर्षांनी पुन्हा हाती घेतला गेला, ल ग्विनला त्यांची कथा ठाऊक असो वा नसो.

पडद्यावरही मालकी बदलत होती. 'स्टार ट्रेक'च्या (१९६६) यानावर कंपनी नाही; अनेक ग्रहांच्या संघाचं एक दल आहे. यानावरच्या संपर्क अधिकारी उहुराची भूमिका सोडायला निघालेल्या निशेल निकोल्सना मार्टिन ल्यूथर किंग यांनी गळ घालून थांबवलं. उद्याच्या चित्रात काळी बाई जबाबदारीच्या जागी दिसणं त्यांना मोलाचं वाटत होतं. दोनच वर्षांनी आलेल्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये अंतराळात नेणाऱ्या यानावर पॅन ॲम या विमान कंपनीचं नाव झळकतं. त्या कंपनीनं खरोखरच चंद्रप्रवासासाठी नावं नोंदवून घेतली होती, नव्वद हजारांवर. सन २००१ उजाडायच्या आत, १९९१ मध्ये, ती बुडाली. माणूस गुरूपर्यंत जाईल ही कल्पना दिग्दर्शक कुब्रिक आणि लेखक क्लार्क यांना करता आली. एक बडी कंपनी वीस-पंचवीस वर्षांत गाशा गुंडाळेल, ही नाही.

'ब्लेड रनर' (१९८२) नोव्हेंबर २०१९ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो. पाऊस थांबत नाही, जाहिराती आभाळ व्यापून आहेत, नायक अजून सार्वजनिक फोनवरूनच बोलतो, आणि शहरावर सरकारपेक्षा उंच उभी आहे ती कृत्रिम माणसं बनवणाऱ्या कंपनीची इमारत. विल्यम गिब्सननं 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) हाताच्या टाइपरायटरवर लिहिली आणि पुढच्या पिढीला संगणकांच्या जाळ्यात शिरायचं स्वप्न दिलं. त्या स्वप्नातही देश जवळजवळ अदृश्य आहेत, कंपन्याच सर्वत्र आहेत. १९३९ मध्ये कंपनी भविष्य दाखवत होती. १९८४ पर्यंत ती भविष्याची मालक झाली होती.

कथा त्यांची, नकाशा यांचा

पुढचा प्रकार जरा मजेशीर आहे. नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश'मध्ये (१९९२) सरकारं कोलमडली आहेत, वस्त्या, रस्ते आणि पोलिसही खासगी झाले आहेत, आणि या बकाल जगातून पळ काढायला लोक मेटाव्हर्स नावाच्या आभासी जगात शिरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं आपलं नाव बदलून मेटा ठेवलं आणि मेटाव्हर्स हे आपलं पुढचं उद्दिष्ट म्हणून जाहीर केलं. कादंबरीतली सोय घेतली, तिच्यातला इशारा वगळला. इयन बँक्सच्या 'कल्चर' कादंबऱ्यांतला समाज पैसा आणि खासगी मालकी यांच्या पलीकडे गेलेला आहे. त्यांतल्या यानांची नावं इलॉन मस्कच्या स्पेसएक्सनं आपली रॉकेटं ज्या तराफ्यांवर उतरतात त्यांना दिली. जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एकाला मालकीच नसलेल्या जगाच्या कथा आवडाव्यात यात वावगं काही नाही. पण कथेतून काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे आता पैसेवाले ठरवतात, एवढं त्यातून दिसतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेतही तेच चालू आहे. यंत्र माणसावर उलटेल का, या चापेकच्या काळापासूनच्या भीतीवर परिषदा भरतात. असिमॉव्हनं १९४२ मध्ये मांडलेल्या तीन नियमांपैकी दुसरा म्हणतो, यंत्रमानवानं माणसाचा हुकूम पाळावा. कोणत्या माणसाचा? कारखानदाराचा की कामगाराचा, पोलिसाचा की मोर्चेकऱ्याचा? ऐंशी वर्षं झाली, तो नियम याबद्दल गप्प आहे. यंत्र हुकूम मोडेल याचीच भीती आपल्याला शिकवली गेली. ते निमूटपणे भलत्याच्याच हुकमात राहील, हा धोका जास्त जवळचा आहे.

पडद्यावर या काळाची नोंद घेतली ती २०११ पासूनच्या 'ब्लॅक मिरर' मालिकेनं. तिच्या गोष्टी बहुधा उद्या-परवाच्याच असतात. एकेकाळी लेखक शंभर वर्षं पुढचं लिहायचे, आता दहा वर्षं पुढचं लिहायलाही कचरतात. भविष्य आखूड झालं, हा या आढाव्यातला सर्वांत ठळक बदल म्हणावा लागेल.

ज्यांना उद्यात जागा नव्हती

दुसरा बदल जमेच्या बाजूचा आहे. भविष्य लिहिण्याचा मक्ता लंडन-न्यूयॉर्ककडे राहिला नाही. ऑक्टाव्हिया बटलर या काळ्या अमेरिकन लेखिकेनं 'पॅरेबल ऑफ द सोअर'मध्ये (१९९३) २०२४ चा कॅलिफोर्निया रंगवला. पाणी विकत, वस्त्यांना भिंती, आणि नोकरीच्या मोबदल्यात अख्खं गाव ताब्यात घेणारी कंपनी. तिला यंत्रांचा सोस नव्हता. गुलामगिरीचा इतिहास जाणणाऱ्याला उद्या कसा दिसतो, ते तिनं लिहिलं. चीनमध्ये १९८३ च्या वैचारिक मोहिमेत विज्ञानकथेची गळचेपी झाली होती. त्याच देशातल्या लिऊ त्सिशिन या वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्या इंजिनिअरची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २०१५ मध्ये कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार घेऊन गेली. तिची सुरुवात सांस्कृतिक क्रांतीत जमावासमोर मारल्या गेलेल्या भौतिकशास्त्रज्ञापासून होते. परग्रहवासीयांना पृथ्वीचा पत्ता देणारी व्यक्ती त्याचीच मुलगी.

किम स्टॅनली रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर'ची (२०२०) सुरुवात उत्तर प्रदेशातल्या एका गावी होते. उष्मा आणि दमटपणा असा वाढतो की घाम वाळेनासा होतो, वीज जाते, लोक तळ्यात उतरतात आणि पाणीही अंगाइतकंच तापलेलं असतं. लाखो माणसं मरतात. त्यानंतर भारत कुणाचीही परवानगी न घेता वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण फवारून ऊन अडवतो. पृथ्वीचं तापमान ठरवायची कळ कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न इतक्या थेटपणे क्वचितच कुणी विचारला असेल. तरीही त्या तळ्यातून जिवंत बाहेर येतो तो अमेरिकन मदतकार्यकर्ता, आणि पुढचं पुस्तकही बऱ्याच अंशी त्याला धरून चालतं. गाव आपलं, साक्षीदार त्यांचा. कादंबरी थोर आहे, पण ही खोट तिच्यात राहिलीच.

आपल्याकडच्या लोकप्रिय चित्रपटांनीही आता भविष्य मनावर घेतलं आहे. 'कल्की २८९८ एडी'मध्ये (२०२४) उजाड काशीवर तरंगणाऱ्या महालात पाणी-हिरवळ साठवलेली आहे आणि खाली माणसं थेंबाला महाग. उत्तर मात्र चिरंजीव अश्वत्थामा आणि यायचा असलेला अवतार यांच्यावर सोडलं आहे. विषमता नेमकी ओळखायची आणि तिच्यावर अवताराची वाट पाहायची, ही आपली जुनी सवय.

मराठीतला उद्या

मराठीत ज्यूल व्हर्न लवकर आला. 'केरळ कोकिळ' मासिकात त्याच्या चंद्रप्रवासाचा अनुवाद आला, पुढे भा. रा. भागवतांनी तो मुलांपर्यंत नेला, आणि अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकानं अद्भुताची गोडी टिकवली. पण मराठी विज्ञानकथेला मान मिळाला तो मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेमुळे. १९७४ मध्ये त्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं त्यांनी उलटी करून घेतली होती, नावामुळे झुकतं माप मिळू नये म्हणून. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांनी दिवाळी अंकांत विज्ञानकथेला हक्काची जागा मिळवून दिली. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे गेलं, हा या सगळ्या प्रवासाचाही सन्मान होता. २० मे २०२५ रोजी ते गेले.

या परंपरेत कळ कोणाच्या हाती हे विचारणाऱ्या कथा आहेत. नारळीकरांची 'पुत्रवती भव' ही मुलगाच हवा या हट्टाच्या दिमतीला विज्ञान आलं तर काय होईल यावरची. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, कथा त्याआधीची. स्वतः रसायन अभियंता असलेल्या जावडेकरांनी 'आकांत'मध्ये भोपाळच्या वायुकांडाला हात घातला. पण एकंदरीत स्पर्धेतून आणि प्रबोधनाच्या हेतूतून जन्मल्यामुळे आपल्या विज्ञानकथेवर शिकवण्याचा भार पडला. एक प्राध्यापक, एक जिज्ञासू मित्र, चहा घेताना सांगितलेलं तत्त्व. महाराष्ट्र म्हणजे पुण्या-मुंबईतल्या प्रयोगशाळा आणि दिवाणखाने. उसाच्या फडात, तांड्यावर, टँकरच्या रांगेत उद्या कसा उगवेल, हे फार थोड्यांनी लिहिलं.

मालमसाला मात्र बाहेर मुबलक पडला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी गेलं. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ मध्ये सरकारनं कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, विमानातून ढगांत क्षार फवारून. रुकय्याबाईंच्या कथेतला फुगाच तो, फक्त आता तो सरकारी निविदेतून उडतो. त्या ढगावर पहिला हक्क कोणाचा, धरणाचा, साखर कारखान्याचा की कोरडवाहू शेतकऱ्याचा? ऊस तोडणारं यंत्र फडात आलं, तर दरवर्षी बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या तोडणी कामगारांच्या मुलांना त्यात सुटका दिसेल की उपासमार? या प्रश्नांवर अहवाल निघतात. कथा निघत नाहीत.

या सगळ्या आढाव्यातून माझा निष्कर्ष सरळ आहे. यंत्राचा अंदाज बांधणं सोपं असतं आणि तो चुकला तरी फारसं बिघडत नाही. व्हर्नचा उपाशी कवी, वेल्सचे मॉरलॉक, बटलरची भिंतीआडची वस्ती ही सगळी टिकून राहिली, कारण त्यांच्या लेखकांनी यंत्राच्या मालकाकडे बोट दाखवलं. ज्यांनी ते टाळलं त्यांची भविष्यं आज कंपन्यांच्या जाहिरातींत उरली आहेत.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणूनच एक विनंती. विज्ञानकथा मागवताना शास्त्रज्ञांबरोबर ग्रामसेवक, परिचारिका, वीज मंडळाचे वायरमन, गिग कामगार आणि ऊसतोडणीच्या फडात वाढून शिकलेली मुलं यांच्याकडूनही मागवा. विज्ञान तपासून द्यायला माणसं मिळतील. उद्या कुठे बोचणार आहे, ते यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.